दोनशे सोळा मिलिलिटर

या घटनेत रात्र नाही.

स्मशान नाही, निर्जन रस्ता नाही. जे घडले ते भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, शुद्धीवर असलेल्या तीन माणसांच्या देखत घडले. त्यांपैकी एक मी आहे.

अशा पानांवर येणाऱ्या बहुतेक हकिगतींवर माझा विश्वास बसत नाही. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आमच्या घरात भूत, देवरुषी, उतारा या गोष्टींना जागा उरली नाही. तरीही हे लिहितो आहे, कारण यातला शब्द न् शब्द खरा आहे. आणि त्याचा खुलासा मला अजून करता आलेला नाही.

तारीख १४ सप्टेंबर २०२३, गुरुवार. वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. ठिकाण शहापूर–मुरबाड रस्त्यावरचे एक खासगी रुग्णालय. त्याचे नाव लिहीत नाही.

त्या दिवशी अमावास्या होती, असे मला नंतर सांगण्यात आले. मी त्याला महत्त्व देत नाही.

माझे नाव धम्मपाल. शासकीय तंत्रनिकेतनातून मापनयंत्रांची पदविका घेतली, एकतीस वर्षे कारखान्यात नोकरी केली. निवृत्तीनंतर शहापुरात राहतो. या रुग्णालयाची यंत्रे तपासण्याचे काम आठवड्यातून दोन दिवस माझ्याकडे होते. अतिदक्षता विभागात सहा खाटा आणि दोन व्हेंटिलेटर. खिडकीजवळचा जुना, दारापाशी असलेला नवा.

ही हकिगत जुन्याची आहे.

प्रथम एक गोष्ट समजावून सांगणे आवश्यक आहे. फार आजारी फुप्फुस पाणी भरलेल्या स्पंजासारखे जड होते. हवा घेणारा भाग थोडाच उरतो. त्यात नेहमीइतकी हवा कोंबली, तर उरलेला भागही फाटतो. म्हणून व्हेंटिलेटरने हवा मोजून द्यायची. किती द्यायची, हे रुग्णाच्या वजनावर ठरत नाही. उंचीवर ठरते. माणूस जाड झाला, अंगावर सूज आली, तरी त्याची फुप्फुसे वाढत नाहीत. उंची आणि हवा यांचा एक तक्ता त्या विभागाच्या भिंतीवर चिकटवलेला होता.

२२ ऑगस्टला म्हसा गावाकडून कमळबाई आल्या. वय अठ्ठावन्न. लावणीच्या चिखलातून आलेला ताप, दोन्ही फुप्फुसांत पाणी. सोबत त्यांचे यजमान राघो. मी त्या वेळी बाजूच्या खाटेजवळ कफ ओढण्याचा पंप दुरुस्त करत बसलो होतो.

डॉक्टरांनी नळी घातली आणि पुढच्या रुग्णासाठी निघताना परिचारिका कुणालीला बजावले, की उंची मोजायची आणि तक्त्याप्रमाणे हवा लावायची. कुणाली टेप घेऊन आली.

राघो आडवे आले.

"निजलेल्या मानसाला माप लावत नाय, बाय. माप कवा घेतात तुला ठाव नाय काय? अजून जित्ती हाय ती. टेप ठेव खिशात."

कुणाली याच तालुक्यातली. तिला ते कळले. आमच्याकडे आडव्या माणसाला दोरी किंवा काठी लावतात ती एकदाच, तिरडी बांधताना. तिने टेप गुंडाळला आणि बाई उंचीला किती आहेत, एवढेच विचारले.

राघो म्हणाले, माझ्याएवढी असेल.

राघो पाच फूट सहा इंच. बाईंच्या अंगावर सूज, गुडघे दुमडलेले, वर जाड गोधडी. पाहून अंदाज येत नव्हता. कुणालीने तक्ता पाहून तीनशे साठ मिलिलिटर हवा लावली.

दहा मिनिटांत यंत्र ओरडू लागले.

हवेचा दाब चाळीसच्या वर गेला, की हे यंत्र घंटा वाजवते आणि श्वास अर्धवट तोडते. ते दर श्वासाला वाजत होते. कुणाली वैतागून म्हणाली, "काका, तुमचं मशीन माझ्या सासूपेक्षा जास्त बोलतंय. बघा ना त्याला."

यंत्र ओरडले की दोष यंत्रात शोधायचा, ही आम्हाला कॉलेजात लागलेली शिस्त. आठच दिवसांपूर्वी याच यंत्राच्या दाब मोजणाऱ्या नळीत पाणी शिरून खोटी घंटा वाजली होती. मी तेच गृहीत धरले. नळी झटकली. घंटा थांबली नाही.

मग मी दाबाची मर्यादा चाळीसवरून साठवर नेली.

घंटा बंद झाली. पूर्ण तीनशे साठ मिलिलिटर हवा आत जाऊ लागली. कुणाली म्हणाली, बरं झालं काका. मी पेचकस पुसून पेटीत ठेवला आणि घरी जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळबाईंचा चेहरा ओळखू येत नव्हता.

फुप्फुस फाटून हवा कातडीखाली पसरली होती. पापण्या फुगून मिटलेल्या. गळा आणि छाती एकसलग झालेली. नळीतून गुलाबी फेस येत होता आणि त्याला कुजलेल्या पेंढ्याचा वास होता. कुणालीने गळ्यावर बोट टेकवले. कातडीखाली कुरकुर आवाज झाला... वाळल्या पानांवर पाय पडावा तसा.

दुपारी बाई गेल्या.

कागदावर लिहिले गेले की आजार बळावला. मी साठचा आकडा पुन्हा चाळीसवर आणला. कोणी पाहिले नाही. कोणाला सांगितले नाही.

तीन आठवडे ते यंत्र बंद होते. मी त्याच्या नळ्या फेकून दिल्या, आतील झडपा उकळून घेतल्या, हवा ओलसर करणारे पाण्याचे भांडे काढून कोरडे केले. सर्व नेहमीच्या पद्धतीने.

१४ सप्टेंबरला माझी धाकटी बहीण रत्नप्रभा त्याच विभागात आली.

ती निवृत्त शिक्षिका. उंबरमाळीच्या वरच्या अंगाला एकटी राहते. चार दिवस ताप अंगावर काढला आणि न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत उतरला. मास्क लावूनही तिचा प्राणवायू खाली येत होता. दारापाशी असलेल्या नव्या व्हेंटिलेटरवर दुसरा रुग्ण होता. कल्याणहून रुग्णवाहिका निघाली होती, पण तिला पोहोचायला दोन तास लागणार होते.

डॉक्टर म्हणाले, एवढा वेळ नाही. जुने तयार करा.

मी तिची उंची स्वतः मोजली. आडवी असताना, टेप लावून. एकशे पासष्ट सेंटिमीटर, म्हणजे तीनशे चाळीस मिलिलिटर. तिने मास्कमधूनच मला जवळ बोलावले.

"दादा, जन्मभर मशिनी दुरुस्त केल्यास. आज एक तरी नीट चालव."

ती हसली. मलाही हसावे लागले.

रुग्णाला लावण्यापूर्वी व्हेंटिलेटरची परीक्षा एका रबरी पिशवीवर घेतात. त्या पिशवीला आम्ही खोटे फुप्फुस म्हणतो. मी नव्या पाकिटातल्या नळ्या जोडल्या, पिशवी लावली. तीनशे चाळीसचा आकडा लावला.

पिशवी थोडीशी फुगली... आणि थांबली.

पडद्यावर परत आलेल्या हवेचा आकडा आला.

२१६.

गळती असावी, असे मला वाटले. सर्व सांधे तपासले. गळती नव्हती. चारशेचा आकडा लावला.

२१६.

पाचशे लावला.

२१६.

हवा मोजणारा भाग बदलला. झडप बदलली. आकडा हलला नाही. पाचशेतली उरलेली हवा कुठे जात होती, ते मला आजही सांगता येत नाही. यंत्र ती बाहेर ढकलत होते, हे मला ऐकू येत होते. मात्र पिशवीत ती पोहोचत नव्हती. मध्येच कोणीतरी ती अडवत असल्यासारखे...

मग वास आला.

नळीच्या मध्यावर पाणी गोळा होण्यासाठी एक लहान वाटी असते. नळ्या नव्या होत्या. पाण्याचे भांडे मी जोडलेलेच नव्हते. कोरड्या यंत्राच्या त्या वाटीत काहीतरी चढत होते.

गुलाबी. फेसाळ. त्यात पिवळे धागे.

मी वाटी काढून बेसिनमध्ये ओतली. ते पाण्यासारखे पडले नाही. लोंबत, तुटत पडले. मी वाटी धुऊन पुन्हा लावली आणि पाहत राहिलो. चार श्वासांत ती काठोकाठ भरली. कुजलेल्या पेंढ्याचा तो वास मिशीत बसला. साबणाने तोंड धुतले तरी दोन दिवस गेला नाही.

मी पिशवी काढायला गेलो.

ती कोमट होती.

बोटांखाली... ती कुरकुरली.

मी पिशवी खाली टाकली. मागे कुणाली उभी होती. ती पिशवीकडे पाहत नव्हती. भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत होती. तिने दोनशे सोळाच्या ओळीवर बोट ठेवले.

एकशे बेचाळीस सेंटिमीटर. चार फूट आठ इंच.

ती हळूच म्हणाली, "काका, कमळमावशीला मी चादरीत बांधली. ती एवढीच होती. एवढीशीच होती ओ."

तेवढ्यात रत्नप्रभेचे डोळे फिरले.

डॉक्टरांनी झोपेचे औषध देऊन नळी घातली आणि हाताने फुगा दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. ते म्हणाले, यंत्र लावा, माझ्या हाताला माप नाही, अशाने तिची फुप्फुसे फाटतील. मी यंत्रात दोष असल्याचे सांगितले. काय दोष आहे, असे त्यांनी विचारले. मी पडद्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवले. दुसरे यंत्र आहे का, असे त्यांनी विचारले. ते नव्हते.

वाटी पुन्हा धुतली. यंत्र लावले. आकडा तीनशे चाळीस.

पडद्यावर आले, २१६.

ती हवा माझ्या बहिणीला पुरणार नव्हती. बोटावर लावलेल्या चिमट्यावरचा प्राणवायूचा आकडा उतरू लागला. नव्वद. सत्त्याऐंशी. चौऱ्याऐंशी. डॉक्टरांनी यंत्राचा प्रत्येक खटका फिरवून पाहिला. श्वासांची संख्या वाढवली. फरक पडला नाही. फुगा जोडून पाहिला तर आकडा आणखी वेगाने उतरला, म्हणून पुन्हा यंत्रच लावले.

एक्क्याऐंशी.

वाटीत गुलाबी फेस चढू लागला होता. रत्नप्रभेच्या नळीत फेस नव्हता. तो यंत्राकडून येत होता. तिच्या दिशेने.

मी राघोंना फोन लावला. त्यांचा नंबर कुणालीकडे होता. आपण काय करत आहोत हे मला कळत होते, आणि असे करणाऱ्या माणसाला मी एरवी काय म्हटले असते, हेही कळत होते.

कमळबाईंची उंची किती होती, असे मी विचारले.

ते म्हणाले, तिरडी बांधताना काठी लावली होती. चार आणि आठ. पोरांनी बांबू आखूड तोडला, तेव्हा लक्षात आलं, आपण त्या पोरीला भलतंच सांगितलं.

मी सांगितले. डॉक्टरांसमोर, कुणालीसमोर, मोठ्या आवाजात सांगितले. ते यंत्र त्या दिवशी खोटे ओरडत नव्हते. तिला एवढी हवा सोसत नव्हती, म्हणून ओरडत होते. मी त्याचे तोंड बंद केले. साठ मी केले. नंतर चाळीस करून लपवलेही मीच.

डॉक्टरांचा हात खटक्यावर थांबला.

राघो ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले...

"मला कशाला सांगताव? मी तिला मापू दिला नाय. माझंपन त्यात हाय. तिला सांगा. तितंच हाय ना ती?"

फोन बंद झाला.

शहात्तर.

मी यंत्रासमोर उभा राहिलो. सदुसष्ट वर्षांचा, पदविकाधारक माणूस. मी हात जोडले नाहीत. कमळबाई, असे म्हणालो. तुम्हाला दोनशे सोळा हवे होते. मी तीनशे साठ कोंबले. ही माझी बहीण आहे. हिला तीनशे चाळीस लागतात. मी मोजले आहेत.

यंत्राने एक श्वास चुकवला.

पूर्ण चार सेकंद काहीही आवाज आला नाही. पंखाही फिरताना ऐकू येत नव्हता...

मग आकडा आला. २२१.

पुढच्या श्वासाला २४०. मग २७८. मग ३१०.

मग ३४०.

दाब सत्तावीस. तिच्या फुप्फुसांना सोसेल असा. वाटीतला फेस खाली बसला आणि कुणालीने वाटी उघडली, तेव्हा ती कोरडी होती. तळाला फक्त एक पिवळट कडा राहिली होती. ती खरवडूनही निघाली नाही.

डॉक्टरांनी बेसिनवर बराच वेळ हात धुतले.

रुग्णवाहिका सव्वापाचला आली. रत्नप्रभा कल्याणला अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होती आणि वाचली. मी जे केले होते ते लेखी दिले, रुग्णालयाला आणि राघोंनाही. राघोंनी तो कागद घेतला, घडी केली आणि चहा विचारला. रुग्णालयाने मला कामावरून काढले, ते योग्यच झाले. ते जुने यंत्र मोडीत गेले.

हकिगत इथे संपायला हवी होती.

ऑक्टोबरअखेर मी रत्नप्रभेला माझ्याकडे आणले. ती अशक्त होती, आवाज बसलेला होता, पण बुद्धी शाबूत होती. १४ तारखेचे तिला काहीही आठवत नव्हते. मीही तिला सांगितले नाही. कमळबाईंचे नावसुद्धा माझ्या घरात कोणी उच्चारले नव्हते.

एका सकाळी ती ओट्यावर उन्हात बसली होती. मी तिला पाण्याचा पेला नेऊन दिला. तिने तो घेतला. माझ्याकडे न पाहता, अंगणाकडे पाहत तिने विचारले.

"त्या बाईच्या गळ्याला तू बोट लावलंस. मग ते बोट तिच्याच चादरीला पुसलंस. का रे?"

हे मी वर लिहिलेले नाही.

मुद्दाम लिहिले नाही. २३ ऑगस्टला सकाळी कुणाली डॉक्टरांना फोन लावायला बाहेर गेली, तेव्हा मी कमळबाईंच्या खाटेभोवतीच्या पडद्याच्या आत होतो. कुरकुर खरेच होते का, हे मला पाहायचे होते. मी बोट दाबले. कातडी बोटाखाली सरकली, फुटली नाही, पण आत काहीतरी फुटत गेले. मला किळस आली. मी बोट तिच्या चादरीला पुसले. दोनदा पुसले. ती बाई तेव्हा जिवंत होती. तिच्या पापण्या मिटलेल्या होत्या आणि पडद्याआड आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हते.

माझ्या आजीच्या ओंजळीत गावातले लोक वरून पाणी ओतत. चुकून हात लागला तर तिच्यादेखत हात पुसत. ती ते सांगताना आवाज चढवत नसे. त्या घरातला मी.

मी रत्नप्रभेला विचारले, तुला हे कोणी सांगितले.

तिने माझ्याकडे नवलाने पाहिले. "काय सांगितलं? मी कुठं काही बोलले, दादा?"

ती खोटे बोलत नव्हती. तिला मी साठ वर्षे ओळखतो.

ती आता बरी आहे. जिना चढते, पुस्तके वाचते, माझ्या स्वयंपाकाची चेष्टा करते. उंबरमाळीला परत जायचे म्हणते, मीच तिला थांबवून घेतले आहे. सकाळचे पाणी अजून मीच देतो. ती पेला घेते, पिते, आणि मला परत देते.

आणि पेला देताना माझ्या बोटांना तिची बोटे लागली, की ती हात पदराला पुसते.

दोनदा.

तिला ते कळत नाही. मी विचारले नाही.